सातवीच्या मुलांनी स्वतःचे लिहावे आणि ते वर्गापुढे ठेवावे, यासाठी काय करावे?

माणदेशातील शिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. विहिरीत पडलेली शेळी कशी बाहेर काढली, हे माझी मुले मधल्या सुट्टीत इतके रंगवून सांगतात की ऐकतच राहावे. पण वही उघडली की ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध गाइडमधून जसाच्या तसा उतरतो. वाचून दाखवायला सांगितले की सगळ्यांच्या माना खाली जातात. दोन मुली वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहितात, मात्र मी जवळ गेले की पान झाकून घेतात. अंक छापण्याइतका निधी शाळेकडे नाही. सुरुवात कोठून करावी? आणि भित्तिपत्रकावर लावण्यापूर्वी मुलांचे शुद्धलेखन दुरुस्त करावे का?

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

बाई, शेळीची हकिगत हाच आपला पहिला पाठ आहे. निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला की मुलांना गुण दिसतात आणि गुण दिसले की गाइड आठवते. त्याऐवजी त्यांना ठाऊक असलेले आणि आपल्याला ठाऊक नसलेले काही विचारावे: शेळी विणार हे आधी कसे कळते, ऊसतोडीला गेल्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, सामान कसे लावतात, बाजारात भाव कसा पाडून मागतात. शिक्षकाला खरोखरच उत्तर हवे आहे, असे वाटले की मूल नेमके लिहू लागते. मुले लिहीत असताना आपणही त्यांच्यासोबत बसून लिहावे आणि पहिल्या दिवशी आपलेच लेखन आधी वाचून दाखवावे.

फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने हे खेड्यातील शिक्षक होते. त्यांनी १९२४ मध्ये वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले आपल्या मनाने लिहीत, त्यांपैकी काय छापायचे ते मतदानाने ठरवत, छपाईचे खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरे स्वतः जुळवत आणि छापलेली पाने दूरच्या शाळेतील मुलांना पाठवत. माझ्या मते यात यंत्रापेक्षा तो दूरचा वाचक महत्त्वाचा होता, कारण ज्याला आपले गाव माहीत नाही त्याच्यासाठी लिहिताना मुलाला तपशील द्यावाच लागतो. आपल्याकडे जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि त्या केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. तेथे येणाऱ्या एखाद्या शिक्षकाच्या हाती लेखनाचे पाकीट दिले, तर टपालखर्चही लागत नाही.

वाचून झाल्यावर ‘छान’ म्हणून टाळ्या वाजवण्याची पद्धत मात्र थांबवावी. ऐकणाऱ्याने आपल्याला काय दिसले ते सांगावे आणि एक खरा प्रश्न विचारावा. ‘मग दोर कोणी धरला होता?’ असे कोणी विचारले की लिहिणारा आपणहून वहीकडे परततो.

भाषाशिक्षक, लातूर

सरांशी मी सहमत आहे. मात्र शुद्धलेखनाचा प्रश्न मागे पडू नये. भिंतीवरचे लेखन पालक वाचतात, आणि चुका तशाच राहिल्या तर त्या मुलालाच चिडवले जाते. म्हणून पहिल्या खर्ड्यावर लाल शाई मुळीच चालवू नये, पण सुवाच्य प्रत करताना मुलाला शेजारी बसवून ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे त्याच्याच हातून नीट करून घ्यावीत. शब्द मात्र बदलू नयेत. आजी ‘लई झालं आता’ म्हणाली असेल, तर ‘आता पुष्कळ झाले’ असे लिहायला लावणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे वाक्यातली आजीच नाहीशी होते. घरची बोली कमी प्रतीची आहे, असे एकदा मुलाच्या मनाने घेतले की ते पुन्हा गाइडच्या आश्रयाला जाते.

ग्रंथपाल, नाशिक

निधी नसेल तर हस्तलिखित काढावे. कोऱ्या कागदांना दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवले आणि जाड पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ लावले की अंक तयार होतो. तो रोज एका मुलाच्या घरी जावा आणि शेवटी अभिप्रायासाठी कोरी पाने ठेवावीत. ज्या घरात वाचता येणारे कोणी नाही, तेथे मुलाने वाचून दाखवावे आणि घरच्यांचे म्हणणे स्वतः लिहून आणावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे अंक वर्गात हाताशी असले, तर आपल्या हस्तलिखितात कोणती सदरे असावीत हे मुलांनाच सुचू लागते.

माणदेशातील शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाकिटाची कल्पना मी पुढच्याच शिक्षण परिषदेत मांडणार आहे. त्या दोन मुलींचे काय करावे, हे मात्र अजून कळत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

त्यांचे पान झाकलेलेच राहू द्यावे. आपले लेखन स्वतःजवळ ठेवायचे, एका मैत्रिणीला दाखवायचे, फक्त बाईंना द्यायचे की भिंतीवर लावायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असा नियम संपूर्ण वर्गासाठी करावा आणि टोपणनावाची मुभा ठेवावी. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र टाकण्यापूर्वीही मुलाला विचारावे. कोणी घरातील मारहाणीविषयी किंवा छळाविषयी लिहिले, तर तो कागद भिंतीवर न लावता त्या मुलाशी एकांतात बोलावे आणि गरज पडल्यास १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकाची मदत घ्यावी. कवितांसाठी वर्गात एक बंद पेटी ठेवून पाहावी. मात्र तीत कोणी काय टाकले, हे त्यांना कधीही विचारू नये.