डेव्हनची मृत्युपत्रं जळाली, मग माणसं शोधायची कुठे?

प्रेषक: ऋचा

नमस्कार मंडळी,

कोजागिरीच्या नियोजनाच्या मेलांमध्ये हा वेगळाच विषय आणते आहे, पण मंडळात जुन्या कागदांची जाण असलेली माणसं आहेत म्हणून इथेच विचारते.

माझे सासरे गेल्या हिवाळ्यात गेले. कपाट आवरताना सासूबाईंना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत सासऱ्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने काढलेला वंशवृक्ष होता. तो इंग्लंडातल्या डेव्हन काउंटीत, टिव्हर्टनजवळच्या एका गावात, १६८० च्या सुमारास येऊन थांबतो. सगळ्यात वर एक विणकर, आणि त्याच्या बायकोच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह.

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत आजोबांची सही आहे, तिचा फोटो मी लेकीला दाखवला होता. तेव्हापासून ती एकच विचारते: "आणि बाबांच्या बाजूचं?" ते प्रश्नचिन्ह मला पुसायचं आहे.

आतापर्यंत हाती लागलं ते असं. गावच्या चर्चच्या नोंदवहीत विणकराचं दफन मे १६८९ मध्ये. डेव्हनचं मुख्य शहर एक्झेटर, तिथल्या मृत्युपत्रांच्या जुन्या सूचीत त्याच वर्षी त्याचं मृत्युपत्र दाखल झाल्याची नोंद आहे. एका ओळीत नाव, गाव, साल. पण मूळ कागद मागायला गेले तर उत्तर आलं की युद्धात जळाला.

मग नुसतं गावाचं नाव घालून नॅशनल आर्काइव्हजच्या ऑनलाइन सूचीत शोधलं, तर त्याच गावच्या एका कापडव्यापाऱ्याचं मृत्युपत्र मिळालं. तारीख आहे फेब्रुवारी १६८९. त्यात आमच्या विणकराच्या "विधवेला" ४० शिलिंग आणि तिच्या घरी असलेली "मागांची जोडी" द्यावी असं लिहिलं आहे. आडनाव तेच. पण नवरा मे महिन्यात गेला, मग फेब्रुवारीत ती विधवा कशी? त्याच आडनावाची दुसरीच कुणी आहे का? आणि दोन माग असलेलं घर म्हणजे गरीब नव्हे ना? तिचं पहिलं नावही मला लागत नाही. टीच्या पुढे नुसत्या वेलांट्या दिसतात.

ऋचा

प्रेषक: सुधीरकाका

चि. ऋचा,

अनेक आशीर्वाद. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातला एक दिवस मी आमच्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात मृत्युपत्रांच्या सूचीचं काम करतो, त्यामुळे तुझी मेल वाचून राहवलं नाही.

आधी तुझं कोडं सोडवू. ती बाई तुमचीच आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत सरकारी आणि चर्चच्या कागदांत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास, असं लक्षात ठेव. १६८९ हे वर्ष मार्चअखेर सुरू झालं, मे आला, विणकर गेला, डिसेंबर झाला, जानेवारी झाला, आणि मग आला फेब्रुवारी १६८९. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६९०. तेव्हा ती विधवा होऊन नऊ महिने झाले होते. तुझ्या वंशवृक्षात अशा तारखा "१६८९/९०" अशा दुहेरी लिही, पुढच्या माणसाचा घोटाळा होणार नाही. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं त्याचंही मूळ या २५ मार्चातच आहे. १७५२ मध्ये पंचांग बदलताना ११ दिवस गाळले, त्याने ती तारीख पुढे सरकली.

"मागांची जोडी" म्हणजे मात्र दोन माग नव्हेत. त्या काळी "पेअर ऑफ लूम्स" म्हणजे एकच माग. आपण एका चड्डीला इंग्रजीत "पेअर" म्हणतो तसंच. आणि वाक्य नीट पाहा: तो माग व्यापाऱ्याच्या मालकीचा होता आणि तिच्या घरात उभा होता. डेव्हनचा सर्जचा, म्हणजे एका लोकरी कापडाचा, धंदा असाच चालायचा. लोकर आणि सूत व्यापाऱ्याचं, विणायचं घरी बसून, मजुरी नगावर. नवरा गेल्यावर त्याने माग उचलून नेला असता तर घरातली चूलच विझली असती. मृत्युपत्र वाचताना रकमेपेक्षा अशा ओळीवर थांबत जा.

आता मूळ दुखणं. १२ जानेवारी १८५८ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये मृत्युपत्रं सिद्ध करण्याचं, म्हणजे खरी ठरवून मान्य करण्याचं, काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं. धाकट्या पातळीला आर्चडीकनचं (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी), त्यावर बिशपचं, आणि सगळ्यांत वर कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांची. साध्या माणसाचे कागद स्थानिक न्यायालयात जायचे. डेव्हनचे असे कागद एक्झेटरला एका इमारतीत ठेवले होते. मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्झेटरवर बॉम्ब टाकले, त्यात ते जवळजवळ सगळे गेले. सॉमरसेटची बरीचशी मृत्युपत्रंही तिथेच ठेवलेली होती, तीही गेली. सूची मात्र त्याआधीच छापून झाली होती, म्हणून तुला ती एक ओळ मिळाली. त्या ओळीसमोर बसून मीही पूर्वी हळहळलो आहे.

मग त्या व्यापाऱ्याचा कागद जळण्यातून कसा बचावला? कारण त्याचं येणं लंडनमध्ये अडकलं असणार. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत ५ पौंडांवर मालमत्ता असली की प्रकरण कँटरबरीच्या न्यायालयात जायचं, आणि ते दफ्तर लंडनला होतं. १३८४ पासून १८५८ पर्यंतची दहा लाखांवर मृत्युपत्रं आज लंडनमधल्या क्यूला, नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. म्हणून डेव्हनच्या गरिबाला शोधायचं तर आधी त्याच्या सधन शेजाऱ्याला शोधायचं. तू नकळत नेमकं तेच केलंस. तू नुसतं आडनाव शोधत बसली असतीस तर हे सापडलं नसतं.

पुढे हे कर.

ऑनलाइन दिसते ती नक्कल आहे, कारकुनाने मोठ्या वहीत उतरवलेली. त्यातल्या सह्या त्याच्याच हातच्या. मूळ कागद "प्रॉब १०" या गठ्ठ्यात असतो. आधी मागणी नोंदवून क्यूला जा. नाव तिथे जास्त स्वच्छ लागेल. मोडी शिकताना आपण करतो तेच इथेही करायचं: त्याच कागदातला ओळखीचा शब्द घ्यायचा, त्यातलं एकेक अक्षर सोडवायचं आणि अडलेल्या शब्दाला लावून बघायचं. "टेस्टामेंट" हा शब्द वर असतोच, त्यातला टी, ई, एस, एम, एन तुला फुकट मिळतात. त्या काळच्या हस्ताक्षरात एच ओळीच्या खाली लोंबतो आणि सी आपल्याला आरसारखा दिसतो.

दुसरं, त्या व्यापाऱ्याच्या मालमत्तेची यादी बघ. कुणी गेलं की शेजारचे दोन-चार जाणते पुरुष घरात खोलीखोलीने फिरून वस्तूंची किंमत लावायचे. १६६१ ते १७२० च्या याद्या "प्रॉब ४" मध्ये आहेत, चामड्याच्या लांब गुंडाळ्या. सुरुवात बहुधा "कमरेची थैली आणि अंगावरचे कपडे" अशी होते. शेवटी येणं-देणं. वसूल न होणाऱ्या येण्याला "डेस्परेट डेट्स" म्हणतात. माणूस हताश नव्हे, येणं बुडीत.

आणि नाती आजच्या अर्थाने वाचू नकोस. "कझिन" हा पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असतो. "सन-इन-लॉ" सावत्र मुलगाही असतो. "माय नाऊ वाइफ" लिहिलं म्हणून आधी एक बायको होती असं नव्हे. थोरल्याला एकच शिलिंग ठेवला असेल तर तो बापाच्या मनातून उतरला असं लगेच धरू नये, त्याचा वाटा बहुधा आधीच दिलेला असतो. ज्याला जमीन मिळणार त्याचं नाव कधी कधी मृत्युपत्रात येतच नाही.

पुढच्या पिढ्यांसाठी १७९६ पासूनची मृत्युकराची रजिस्टरं बघ, शिवाय १८१२ ते १८५७ च्या डेव्हनच्या मृत्युपत्रांच्या कर-खात्यातल्या नकला एक्झेटरच्या हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. युद्धाआधी ऑलिव्ह मोगर नावाच्या बाईंनी असंख्य डेव्हनी मृत्युपत्रांतले उतारे हाताने उतरवून ठेवले. तेही तिथेच आहेत. तुझ्या विणकराचं त्यात आहे का, ते आधी विचार. त्या बाईंचे उपकार किती घरांवर आहेत, मोजता येणार नाहीत.

तुझा,
सुधीरकाका

प्रेषक: मीनल, लीड्स

ऋचा, अगं काय सुंदर काम हाती घेतलंयस!

उत्तरेकडच्या मंडळींसाठी एवढंच जोडते: यॉर्कच्या न्यायालयाची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १६५३ ते १६६० या काळातलं काही शोधत असाल तर मात्र उत्तरेत वेळ घालवू नका. क्रॉमवेलच्या राजवटीत चर्चची न्यायालयं बंद होती आणि सगळ्या देशाची मृत्युपत्रं लंडनला सिद्ध व्हायची. मी दोन महिने चुकीच्या जागी शोधत होते.

आकडे रोमन लिपीत आले तर घाबरू नकोस. शेवटचा आय लांब शेपटीचा, म्हणजे जेसारखा काढतात. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आईला रुपये-आणे-पैचा हिशेब तोंडपाठ होता, तिला हे माझ्याआधी जमलं.

प्रेषक: शुभांगी

काका, याच धाग्यात एक विचारते. माझ्या यजमानांचे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या सैन्यात होते आणि पुण्यातच वारले. इथल्या काउंटीत त्यांचं काहीच मिळत नाही.

प्रेषक: सुधीरकाका

शुभांगीताई,

ते काउंटीत मिळणारच नाही. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे, त्यात मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतली मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या आहेत. इंग्लंडातही काही मालमत्ता असली तर कँटरबरीच्या वह्याही बघा.

एक विनंती. अशा मृत्युपत्रांत कधी कधी एखाद्या आपल्याकडच्या बाईला आणि तिच्या मुलांना पैसे ठेवलेले असतात. इंग्रज कारकुनाने तिचं नाव कानाला येईल तसं लिहिलेलं असतं. असं नाव दिसलं तर वंशवृक्षात घ्या, आणि मोठ्याने उच्चारून बघा. मराठी कानाला ते ओळखू येईल. इथल्या संशोधकांना ते जमत नाही, आपल्याला जमेल.

प्रेषक: ऋचा

मंडळी,

परवा क्यूला जाऊन आले. लिहायला उशीर झाला, कारण दोन रात्री मी फोटोच मोठे करून बघत बसले होते.

मोगरबाईंच्या उताऱ्यांत आमचा विणकर नाही. एक्झेटरहून तसं कळलं तेव्हा वाईट वाटलं.

पण मूळ मृत्युपत्र मिळालं! पेटीतून काढलेला घडीचा कागद, घड्यांवर तपकिरी झालेला. पेन्सिलीशिवाय काही जवळ ठेवू देत नाहीत, फोटो मात्र काढू देतात. काकांनी सांगितलं तसं वरच्या "टेस्टामेंट"मधून अक्षरं उचलत गेले. टी. मग खाली लोंबणारा एच. मग ओ. एम. ए. एस लांब, एफसारखा. शेवटी आय, एन, ई.

थॉमसिन.

समोरच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वर करून बघितलं, इतक्या जोरात मी श्वास घेतला असणार. नोंदवहीत तिच्या लेकरांचे बाप्तिस्मे आहेत, सगळीकडे फक्त बापाचं नाव. तिचं नाव एका शेजाऱ्याने लिहिलं म्हणून उरलं.

खाली तीन साक्षीदार. दोघांच्या सह्या आहेत. तिसरा विल्यम, आडनाव आमचं, थॉमसिनचा मुलगा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. कारकुनाने "याची निशाणी" असं लिहून मध्ये जागा सोडली आहे, आणि त्या जागेत विल्यमने डब्ल्यू काढला आहे. पहिली रेघ जाड, टाक दाबून धरल्यासारखी, सुरुवातीला शाईचा ठिपका. शेवटची रेघ फाटून वर गेली आहे. ऑनलाइन नकलेत यातलं काहीच दिसत नव्हतं, तिथे कारकुनाचा गुळगुळीत डब्ल्यू आहे. लेकीने स्क्रीनवर त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "याने हे अक्षर खूप वेळा नव्हतं काढलं."

यादीची गुंडाळी उघडायला दोन्ही हात आणि वजनाच्या पिशव्या लागल्या. थैली आणि कपडे, मग दिवाणखाना, वरची खोली, कोठार, सर्जचे तागे. बुडीत येण्याच्या रकान्यात आमच्या विणकराचं नाव आहे, "मयत" असं लिहून. रक्कम २ पौंड.

२ पौंड म्हणजे ४० शिलिंग. त्याच्या बायकोला ठेवले तेवढेच. काका, मला वाटतं त्या माणसाने तिच्या नवऱ्याचं कर्ज फेडता यावं म्हणून तेवढीच रक्कम तिच्या हातात दिली. दुसरा काही अर्थ निघत असेल तर सांगा.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, डबा घेऊन ये आणि पेन्सिलही आण. रविवारी आम्ही तिघींनी मिळून प्रश्नचिन्ह खोडलं. लेकीने तिथे नाव लिहिलं, इंग्रजीत आणि खाली देवनागरीत.

एक अडलंय. माग तिला दिल्याच्या ओळीनंतर "जोवर ती" असं काहीतरी आहे आणि पुढचा शब्द लागत नाही. "जोवर ती जगेल" की "जोवर ती विधवा राहील"? दोन्हींत फार फरक आहे. फोटो जोडते आहे, तिसरी ओळ, उजवीकडून चौथा शब्द. काका, मीनल, बघाल का?

ऋचा