मदत हवी आहे: पीस लिलीला मातीची कुंडी की प्लास्टिकची?

लातूर, घरात पूर्वेची खिडकी. पीस लिली 6 इंची प्लास्टिकच्या कुंडीत आहे. उपसून पाहिली तर मुळांनी तळाशी वेटोळं घातलंय. खालची दोन-तीन तपकिरी, चिमटीत धरली की साल सुटून नुसता दोरा हातात येतो. तेवढी कापली. तळाला तीन मोकळी भोकं आहेत, ताटलीत पाणी साचू देत नाही. मिश्रण निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत आणि पर्लाईट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे). (काळी माती मुद्दाम टाळली, भिजली की चिकटून बसते, वाळली की तडकते.)

मातीची कुंडी दुसऱ्या रोपाला वापरून झाली: मे महिन्यात दिवसाआड कोरडीठाक, वर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर. रोज पाणी देणं शक्य नाही.

मग मुळांना हवा मिळावी म्हणून 7 इंची प्लास्टिकच्या कुंडीलाच बाजूनं भोकं पाडू का? पाडायची तर किती मिमीची, तळापासून किती उंचीवर?