एफजीएफ-२ चा नवा लॉट लावल्यापासून आयपीएस कॉलन्यांच्या कडा पसरतायत

पेशीघर

नमस्कार मंडळी. आम्ही मानवी आयपीएस पेशी (प्रौढ पेशींपासून बनवलेल्या, कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी) व्हिट्रोनेक्टिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाच्या थरावर, लॅबमध्येच बनवलेल्या ई-८ मीडियममध्ये (आठ घटकांचं पोषकद्रव) वाढवतो. एफजीएफ-२ (बेसिक एफजीएफ, पेशींना वाढवणारं आणि मूलपेशीच ठेवणारं प्रथिन, ई. कोलायमध्ये बनवलेलं, १५४ अमिनो आम्लांचं) १०० नॅनोग्रॅम/मिलि लावतो. आधीचा पुरवठादार बदलला. नव्या लॉटच्या दुसऱ्या पॅसेजपासून (पेशी सुट्या करून नव्या ताटलीत लावण्याची फेरी) कॉलन्यांच्या कडेच्या पेशी चपट्या आणि मोठ्या दिसतात, मधला भाग ठीक आहे. सोमवारी सगळ्यात वाईट दिसतं, कारण शनिवारी दुप्पट मीडियम घालून रविवार सोडतो.

पद्धत अशी: ५० मायक्रोग्रॅमची व्हायल, ५ मिलि साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) विरघळवली, ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढली आणि ४ अंशांवर ठेवली. ती संपेपर्यंत दोन-तीन आठवडे वापरतो. तयार मीडियमची ५०० मिलिची बाटली रोज सकाळी वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर गरम करून पुन्हा फ्रीजमध्ये जाते.

दोष लॉटचा आहे की हाताळणीचा, हे कसं ओळखायचं? आणि व्हायल विरघळवायची योग्य रीत कोणती?

हेपरिन_स्तंभ

लॉटकडे नंतर येऊ, आधी हाताळणी. तुमच्या पद्धतीत प्रथिन कमी होण्याच्या चार जागा दिसतात.

पहिली, सौम्य द्रावण. ५० मायक्रोग्रॅम ५ मिलित म्हणजे १० मायक्रोग्रॅम/मिलि. एवढ्या कमी तीव्रतेला, वाहक प्रथिन (भिंतीवरच्या जागा व्यापणारं दुसरं प्रथिन) नसताना, एफजीएफ-२ प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं. त्याचा आयसोइलेक्ट्रिक बिंदू (ज्या पीएचला प्रथिनाचा निव्वळ भार शून्य होतो) साधारण ९.६ आहे, म्हणजे पीबीएसच्या पीएचला त्यावर भरपूर धन भार असतो आणि ते जिथे जागा मिळेल तिथे बसतं. दुसरी, फिल्टर. कोरडा सिरिंज फिल्टर हा तर मोठा पृष्ठभाग, मायक्रोग्रॅमच्या हिशेबात तिथे बराच वाटा अडकू शकतो. बहुतेक व्हायल गोठवून वाळवण्याआधीच निर्जंतुक गाळलेल्या असतात. सीओएवर (लॉटसोबत येणारं तपासणी प्रमाणपत्र) तसं लिहिलं असेल तर पुन्हा गाळायची गरजच नाही. तिसरी, ४ अंशांवर तीन आठवडे. चौथी, रोजची वॉटर बाथ.

शेवटची सगळ्यात महागात पडते. मूळ रूपातलं एफजीएफ-२ ३७ अंशांवर फार टिकत नाही, मीडियममध्ये त्याच्या क्रियाशीलतेचं अर्धायुष्य सुमारे १० तासांचं धरतात. रोज अर्धा-पाऊण तास बाटली गरम झाली की आठवड्याअखेरीस तुम्ही १०० समजून घालता ते १०० उरलेलं नसतं. शिवाय ५०० मिलि बाटलीच्या मध्यापर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो, म्हणून ती प्रत्यक्षात ठरवल्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात राहते. त्या दिवशी लागेल तेवढंच मीडियम ट्यूबमध्ये काढा आणि खोलीच्या तापमानावर येऊ द्या. पेशींना ते चालतं.

आता रीत. व्हायल न उघडता ३००० जी-ला मिनिटभर फिरवा. वाळलेलं प्रथिन पुष्कळदा दिसतच नाही, काचेवर पातळ थर असतो किंवा झाकणाला लागलेलं असतं. "व्हायल रिकामीच आली" या तक्रारींचं मूळ बहुधा तेच. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत ओल धरते. मग ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, वाहक म्हणून) घातलेलं ५०० मायक्रोलिटर पीबीएस भिंतींवरून फिरवत घाला. पुरवठादाराने दुसरं बफर सांगितलं असेल, उदाहरणार्थ ट्रिस, तर त्याचंच ऐका. व्होर्टेक्स करू नका, फेस आला म्हणजे हवेच्या कडेवर प्रथिन उलगडतंय. १०-१५ मिनिटं तसंच ठेवा, मधूनमधून हलकेच उलटंपालटं करा.

झालं १०० मायक्रोग्रॅम/मिलि. याचे ५० मायक्रोलिटरचे भाग लो-बाइंड ट्यूबमध्ये करून उणे ८० ला ठेवा. एक भाग म्हणजे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे बरोबर ५० मिलि मीडियमला १०० नॅनोग्रॅम/मिलि. एक ट्यूब वितळवली की पूर्ण वापरायची, परत गोठवायची नाही. पिपेटमध्ये थोडं जातंच, त्यामुळे दहाव्या ट्यूबला कमी पडतं. ती वेगळी खूण करून चाचण्यांसाठी ठेवा.

आणि भाग उणे २० ला ठेवणार असाल तर आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर टाळा. त्याचं तापमान दिवसातून अनेकदा वरखाली होतं आणि छोट्या ट्यूबना ते आधी जाणवतं.

पेशीघर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. दोन शंका. ई-८ मध्ये मुद्दाम अल्ब्युमिन ठेवलेलं नाही, मग बीएसएमुळे "पूर्ण परिभाषित" (प्रत्येक घटक माहीत असलेलं) हा दावा मोडत नाही का? आणि लॉट तपासायची स्वस्त पद्धत आहे का? एलायझाचं किट महाग पडतं.

लॉट_तपासणी

बीएसएचं गणित: ०.१ टक्का म्हणजे १ मिग्रॅ/मिलि, आणि मूळ द्रावण हजारपट पातळ होतं, तेव्हा मीडियममध्ये १ मायक्रोग्रॅम/मिलि उरतं. रोजच्या वाढीला काही बिघडत नाही. प्राणिजन्य काहीच नको असेल तर पुनःसंयोजित मानवी अल्ब्युमिन वापरा. वाहक अजिबात नको असेल तर द्रावण १०० मायक्रोग्रॅम/मिलिच्या खाली नेऊ नका आणि ट्यूब लो-बाइंडच घ्या. ई-८ मध्ये अल्ब्युमिन नसल्यामुळेच भिंतीला चिकटण्याचा त्रास तिथे जास्त जाणवतो.

एलायझावर पैसे घालू नका असंच सांगेन. एलायझा प्रथिनाचं वस्तुमान मोजते. उलगडलेलं, गुठळ्या झालेलं एफजीएफ-२ प्रतिपिंडाला अजूनही ओळखू येऊ शकतं, पण रिसेप्टरला बसत नाही. तुम्हाला हवी आहे ती क्रियाशीलता.

आधी दोन्ही लॉटच्या सीओए शेजारी ठेवा. तिथे बीएएलबी/सी ३टी३ या उंदराच्या पेशींच्या वाढीवरून काढलेला ईडी-५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा, जितकी कमी तितकं प्रथिन ताकदवान) असतो. विशिष्ट क्रियाशीलता = १० लाख भागिले ईडी-५० (नॅनोग्रॅम/मिलिमध्ये). ईडी-५० ०.१ असेल तर मिलिग्रॅमला १ कोटी युनिट, ०.५ असेल तर २० लाख. दोन्ही व्हायलींवर ५० मायक्रोग्रॅमच लिहिलेलं असतं, पण ताकदीत पाचपट फरक. "ईडी-५० ५ पेक्षा कमी" असं मोघम लिहिलेलं असेल तर पुरवठादाराकडे त्या लॉटचा खरा आकडा मागा. आणखी एक अडचण: प्रत्येकाची चाचणी थोडी वेगळी असते, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे तंतोतंत तुलनेला येत नाहीत.

म्हणून स्वतः करण्याची चाचणी. एनआयएच ३टी३ पेशी ०.५ टक्का सीरममध्ये रात्रभर उपाशी ठेवा. दोन्ही लॉट ०, ०.१, १, १० आणि १०० नॅनोग्रॅम/मिलिला १० मिनिटं द्या, बर्फावर लायसिस करा, फॉस्फो-ईआरके आणि एकूण ईआरके (एफजीएफचा रिसेप्टर जागा झाला की पेशीतल्या या प्रथिनाला फॉस्फेट लागतो) यांचा वेस्टर्न ब्लॉट करा. चांगला लॉट कमी मात्रेलाच पट्टी उठवतो. वर जाऊन दोन्ही सारखे दिसतील, म्हणून फक्त १०० वर तुलना करू नका. फरक सापडतो तो खालच्या मात्रांमध्ये.

जेल चालवत असाल तर एक मायक्रोग्रॅम नमुना रिड्युसिंग आणि नॉन-रिड्युसिंग (डायसल्फाइड बंध तोडून आणि न तोडता) दोन्ही तऱ्हांनी लावा, फक्त बीएसए घालण्याआधीचा, नाहीतर ६६ किलोडाल्टनचा डाग सगळं झाकेल. एफजीएफ-२ ची पट्टी १७ किलोडाल्टनच्या आसपास येते. नॉन-रिड्युसिंगमध्ये ३४ च्या जवळ दुसरी पट्टी दिसली तर सिस्टीनमधून जोडलेले डायमर (दोन रेणूंच्या जोड्या). या प्रथिनात चार सिस्टीन आहेत, मूळ रचनेत त्यांच्यात डायसल्फाइड बंध नसतो, पण पृष्ठभागावरच्या दोन सहज ऑक्सिडाइझ होतात. काही उत्पादनांत त्या जागी सेरीन घातलेलं असतं ते याचसाठी.

वसाहत_कडा

वरचं सगळं योग्य, पण मी एफजीएफला लगेच दोषी धरणार नाही. कडेच्या पेशी पसरण्याची कारणं अजूनही आहेत: व्हिट्रोनेक्टिनची मात्रा कमी, पॅसेजला गुठळ्या फार लहान किंवा कॉलन्या विरळ, ई-८ मधलं दुसरं वाढ-प्रथिन टीजीएफ-बीटा१ बिघडलेलं. हे शेवटचं विसरलं जातं. पुष्कळ उत्पादनांत टीजीएफ-बीटा१ ४ मिलिमोलर एचसीएलमध्ये विरघळवायला सांगतात. एफजीएफसोबत तेही साध्या पीबीएसमध्ये गेलं असेल तर ई-८ मधल्या २ नॅनोग्रॅम/मिलिपैकी भिंतीला किती लागलं ते कळायचं नाही.

तेव्हा एकाच पॅसेजपासून, एकाच दिवशी, चार वेल लावा: जुना लॉट १००, नवा लॉट १००, नवा लॉट २००, आणि नवा लॉट १०० पण ताजं टीजीएफ-बीटा१. रोज मीडियम बदला, रविवारही सोडू नका, निदान या चाचणीपुरता. दोन पॅसेज पाहा. २०० ला कडा सावरल्या तर एफजीएफची ताकद कमी आहे. ताज्या टीजीएफने सावरल्या तर उत्तर तिकडे. चारही सारख्याच बिघडल्या तर थर आणि पॅसेजकडे वळा. फोटोवर विसंबू नका, ओसीटी-४ सोबत नॅनॉगही (दोन्ही मूलपेशींची ओळख सांगणारी प्रथिनं) फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेका पेशीगणिक, मोजा.

जुन्या लॉटच्या व्हायली शिल्लक असतील तर आता उघडू नका, या तुलनेसाठीच राखा.

पेशीघर

जुन्याच्या दोन व्हायली आहेत, राखतो. सीओए पाहिली: जुन्याचा ईडी-५० ०.२, नव्याच्या कागदावर "१ पेक्षा कमी" एवढंच. आकडा मागवला आहे. रविवारचं मात्र कायमचं काय करावं? माणसं कमी आहेत.

हेपरिन_स्तंभ

०.२ म्हणजे मिलिग्रॅमला ५० लाख युनिट. नव्याबद्दल कागद फक्त १० लाखांची हमी देतो, प्रत्यक्षात तो बराच चांगलाही असेल. आकडा येईपर्यंत निष्कर्ष नको.

रविवारसाठी दुप्पट मीडियम हा उपाय अर्धाच आहे. त्याने पोषण आणि आम्लता सांभाळली जाते, पण ३७ अंशांवर एफजीएफ त्याच गतीने संपतं. १० तासांचं अर्धायुष्य धरलं तर ४८ तासांनी मूळच्या चार टक्क्यांच्याही खाली.

दोन रस्ते. हेपरिन (एफजीएफला धरून ठेवणारी साखळी-शर्करा) घातलं तर एफजीएफ-२ उष्णतेला आणि प्रोटिएजना जास्त दाद देत नाही. पण मात्रा तुमच्याच पेशींवर ठरवावी लागेल, आणि हेपरिन बाकीच्या हेपरिन-बंधी घटकांनाही धरतं, म्हणून पुढे विभेदनाचे (ठरावीक प्रकारच्या पेशी बनवण्याचे) प्रयोग असतील तर हेपरिन आधी काढून टाका.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो: उष्णतास्थिर रूप. ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये नऊ बदल केलेलं एफजीएफ-२ प्रसिद्ध केलं, ३७ अंशांवर त्याची क्रियाशीलता तासांऐवजी दिवसांत मोजावी लागते. शिकागोतल्या गटाच्या २०२० च्या बी-८ मीडियममध्ये हेच रूप ४० नॅनोग्रॅम/मिलिला वापरतात, आणि ते शनिवार-रविवार मीडियम न बदलता चालावं म्हणूनच रचलेलं आहे. बदललात तर पेशींना दोन-तीन पॅसेज सवयीला द्या आणि जुन्या मीडियममधली एक शाखा समांतर चालू ठेवा.

लॉट_तपासणी

त्याला जोडून. हे रूप ई. कोलायमध्ये लॅबमध्येही बनवता येतं, खर्च खूप उतरतो. हेपरिन स्तंभावर ०.५ मोलर मिठाने धुवा, मग मीठ चढवत न्या. मूळ रूप १.५ ते २ मोलरच्या दरम्यान सुटतं, बदललेल्या रूपाचं शिखर स्वतः ग्रेडियंट लावून शोधा. एंडोटॉक्सिन (ई. कोलायच्या भिंतीतलं विष) काढण्यासाठी प्रथिन स्तंभावर असतानाच ०.१ टक्का ट्रायटन एक्स-११४ असलेल्या थंड बफरने भरपूर धुवा आणि नंतर डिटर्जंट निघेपर्यंत साध्या बफरने. एलएएल या एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीत १ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट)/मायक्रोग्रॅम आलं तर १०० नॅनोग्रॅम/मिलिला मीडियममध्ये ०.१ ईयू/मिलि होतं. आयपीएस पेशी ते सोसतात, पण याच पेशींपासून मॅक्रोफेज बनवणार असाल तर आणखी दहापट खाली आणा.