मसाई मारा (केनियातलं अभयारण्य): नदी ओलांडणारे नू (विल्डबीस्ट, मोठी कुरंगं) पाहायला गाडी कुठे लावावी?

प्रश्न: ऑगस्टअखेर चार रात्री मारात आहोत. गाडी कुठे थांबवायला सांगावी? दुर्बीण कोणती न्यावी?

उत्तर १: काठापासून लांब, कळपाची वाट मोकळी सोडून. पुढचे नू बिचकले की अख्खा कळप माघारी फिरतो. कधीकधी तीन-चार तास बसूनही काहीच घडत नाही, तयारी ठेवा. दुर्बीण ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची). १० पटीची हातात जास्त हलते.

उत्तर २: फोटो काढताना इंजिन बंदच हवं, थरथरीने चित्र अस्पष्ट येतं. लेन्सखाली ठेवायची पिशवी रिकामी न्या, तांदूळ तिकडे भरा.

उत्तर ३: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक बॅग विसरा. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या, भारतात परतताना दाखला मागतात.