‘जॅगिड’ कडा आणि मराठीतले दाते

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात माझा भाचा नोकरीला आहे. तेथे पत्रा कापण्याच्या विभागात लावायच्या सूचनाफलकाचे मराठी त्याने केले, आणि ‘जॅगिड एजेस’ या शब्दांसाठी ‘दातेरी कडा’ असे लिहिले. फलक लागल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन आला : “मामा, दातेरी म्हटल्यावर आमची माणसं गिअरचे दाते शोधायलेत. पत्र्याकडं कोण बघतच नाही.” कामगारांचे काही चुकले नव्हते, कारण यंत्रावर काम करणाऱ्याला ‘दाते’ म्हणजे चक्राचे दातेच आठवणार. शब्दकोशात मात्र ‘जॅगिड’पुढे पहिला प्रतिशब्द बहुधा ‘दातेरी’ हाच सापडतो, म्हणून या शब्दाचा थोडा तपशिलात विचार करावासा वाटला. (उच्चार ‘जॅग्ड’ असा एका झटक्यात करू नये; विशेषण म्हणून तो ‘जॅ-गिड’ असा दोन अवयवांचा आहे.)

‘दातेरी’ या शब्दात एक शिस्त गृहीत असते. कडुनिंबाचे किंवा जास्वंदीचे पान दातेरी, करवतीचे पाते दातेरी. दाते लहानमोठे असले तरी ते एका ओळीत आणि एका वळणाचे असतात. खानापूर भागात उसाच्या फडात ज्याने पाला काढला आहे, त्याला पात्याची कड कोपरापर्यंत कसे बारीक ओरखडे काढते हे सांगावे लागत नाही, आणि त्या कडेला ‘करवती’ म्हणणेही शोभते. परंतु इंग्रजीत अशा नियमित दात्यांसाठी ‘सेरेटेड’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो करवत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला आहे. ‘जॅगिड’मध्ये टोके असतात, पण त्यांना ओळ नसते : फुटलेली बाटली, दातांनी फाडलेला पुठ्ठा, बोथट कात्रीने कापलेला पत्रा.

गंमत अशी की या शब्दाचे मूळही शोभेच्या कापण्यात आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जॅग’ म्हणजे कपड्याच्या काठाला मुद्दाम घेतलेली कातर. आपल्याकडे विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावरही करवतीचे दाते असतात, पण ते विणलेले. त्यांना कोणी ‘फाटके’ म्हणणार नाही. इंग्रजी शब्द सजावटीकडून मोडतोडीकडे सरकला. आपला ‘कंगोरा’ फारसीतून आला, तेथे तो तटबंदीवरील बुरूजवजा टोकांना म्हणत. मराठीत मात्र तो सजावटीतच राहिला, आणि पुढे ‘प्रश्नाचे कंगोरे’ असा अमूर्तही झाला. म्हणून ‘कंगोरेदार’ हा शब्द लाकडी चौकटीला द्यावा, फुटक्या काचेला देऊ नये.

‘खडबडीत’ आणि ‘ओबडधोबड’ हे शब्द पुष्कळदा येथे घुसडले जातात. जांभ्याचा चिरा खडबडीत असतो, पण तो पृष्ठभागाचा गुण आहे, कडेचा नाही. आणि ‘ओबडधोबड’मध्ये घडणीचा अभाव आहे, बोचण्याचा भाव नाही. ‘दंतुर’ हा संस्कृत शब्द भूगोलाच्या पुस्तकात छान बसला आहे. नॉर्वेचा किनारा दंतुर, असे आपण शाळेपासून वाचतो. पण तो शब्द कारखान्याच्या भिंतीवर लिहिला तर वाचणारा दंतवैद्याकडे जाईल.

माझे मत असे की मराठीचे बळ येथे विशेषणात नसून क्रियापदात आहे. इंग्रजी शब्द कड कशी दिसते एवढेच सांगतो; मराठी बोलणारा ती तशी कशी झाली ते सांगतो. खानापुरी कौल हातातून निसटले तर त्याचा ‘टवका उडतो’, दगडाची ‘कपची निघते’, कोयता दगडावर बसला तर त्याला ‘खांडे पडतात’. उद्यमबागेत यंत्रकाम झाल्यावर कडेला राहिलेल्या धातूच्या काट्यांना सगळे ‘बर’ म्हणतात, आणि ‘बर काढला का?’ या प्रश्नाला तेथे दुसरा पर्याय नाही. तो इंग्रजीच शब्द आहे, पण आता आपलाच झाला आहे. अनुवादकाने यांतला नेमका शब्द उचलावा. सर्वत्र एकच विशेषण चिकटवू नये.

लाक्षणिक वापरात तर प्रतिशब्द शोधूच नये. ‘जॅगिड’ श्वास म्हणजे ‘अडखळत, तुटत चाललेला श्वास’. ‘जॅगिड’ वीज ‘नागमोडी’ नव्हे, कारण नागमोडीला कोपरे नसतात. ती ‘जागोजागी मोडत गेलेली’ वीज. आवाजासाठी मात्र ‘कातर’ सुचतो, आणि तो चपखलही आहे, पण कात्रीचा त्याच्याशी संबंध नाही : कापण्याची कातर ‘कर्तरी’पासून आलेली, तर आवाजाची कातर ही भ्यालेला, व्याकूळ या अर्थाच्या संस्कृत ‘कातर’ शब्दातली. ध्वनी जुळले, घराणी वेगळी.

भाच्याला मी अखेर असे लिहून दिले : ‘कापलेल्या पत्र्याच्या कडा वेड्यावाकड्या व धारदार असतात. हातमोजे घातल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये.’ शब्द वाढले म्हणून फलक मोठा करावा लागला. कन्नड ओळीतही दात्यांचाच उल्लेख होता असे त्याने नंतर सांगितले. ती आता त्याचा बैलहोंगलचा सहकारी दुरुस्त करतो आहे.