सेप्टिक शॉक आणि ‘रक्त गाळायचं’ फिल्टर: एवढा गाजावाजा कशाला?

खाडीकाठ:
सकाळपासून जिल्ह्यातल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: ‘सेप्टिक शॉकवर रामबाण! रक्तातलं विष गाळणारं फिल्टर आलंय. पेशंट इथे ठेवू नका, घाटावर न्या, पैसे जमवा.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सेप्टिक शॉक म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळणं. त्यावर हे रामबाण तर नाहीच, नवंही नाही. पॉलिमिक्सिनचं (जंतूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष धरून ठेवणारं औषध) कार्ट्रिज, म्हणजे रक्त ज्यातून फिरवतात ते फिल्टर, जपानात 1994 पासून आहे. दोन तासांचं सेशन, रक्ताचा वेग मिनिटाला 80 ते 120 मिलि, 24 तासांत दुसरं. 2009 मध्ये इटलीतल्या 64 रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 53 ऐवजी 32 टक्के दिसलं आणि जाहिराती सुरू झाल्या. पुढे फ्रान्समध्ये पेरिटोनायटिसचे (पोटाच्या आतल्या आवरणाला संसर्ग) 232 रुग्ण घेतले: कार्ट्रिज लावलेल्यांत 27.7 टक्के मृत्यू, न लावलेल्यांत 19.5. मग 2018 ला उत्तर अमेरिकेतली चाचणी: 450 रुग्ण, एंडोटॉक्सिन मोजून निवडलेले. मृत्यू कार्ट्रिजवाल्यांत 37.7 टक्के, दुसऱ्या गटात 34.5. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेने ‘वापरू नका’ असंच सुचवलंय.

प्राइमिंगवाला:
सोयीचे आकडे उचललेत साहेबांनी. फ्रान्सच्या चाचणीत बऱ्याच जणांची दोन सेशन पुरी झालीच नाहीत, सर्किटमध्ये रक्त गोठत होतं, हे कोण सांगणार? कॅथेटर बारीक किंवा मानेतल्या डाव्या ज्युग्युलर शिरेत वाकलेला, हेपरिन (रक्त न गोठू देणारं औषध) भीतभीत दिलेलं, घाईत प्राइमिंग (सर्किट आधी सलाईनने भरून घेणं) करून हवा राहिलेली. मग फिल्टर जाम होतो आणि दोष कार्ट्रिजला. उजव्या ज्युग्युलरमध्ये 12 फ्रेंच मापाचा कॅथेटर टाका, मग बोला.

आणि 2018 च्या चाचणीत एंडोटॉक्सिनच्या तपासणीत 0.6 ते 0.89 आलेल्यांचा गट वेगळा काढला तर मृत्यू 26.1 टक्के विरुद्ध 36.8. फायदा कार्ट्रिजवाल्यांना. हे गाळलंत.

खाडीकाठ:
गाळलं, कारण निकाल लागल्यावर गट पाडून काढलेला आकडा आहे तो. शिवाय ती एंडोटॉक्सिनची तपासणी आपल्याकडे करतं कोण? पावसात आपल्याकडे शॉकमध्ये येतात ते लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) आणि स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) यांचे. लेप्टोचं एंडोटॉक्सिन निराळ्या घडणीचं, जोर कमी. स्क्रबच्या जंतूला तर ते नाहीच. पॉलिमिक्सिनने धरायचं काय?

प्राइमिंगवाला:
म्हणून सायटोकाइन (संसर्गात शरीर स्वतःच सोडतं ती दाहाची रसायनं) शोषणारी मण्यांची कार्ट्रिज निघाली ना. त्यांना जंतू कुठला याचं देणंघेणं नाही.

खाडीकाठ:
त्यांना कशाचंच देणंघेणं नाही, तीच अडचण आहे. व्हँकोमायसिन, लिनेझोलिड, फ्लुकोनाझोल ही संसर्गावरची औषधंही, जे मिळेल ते धरतात. प्लेटलेट खाली येतात, आणि लेप्टोत त्या आधीच तळाला. कोविडमध्ये एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) असलेल्यांना लावून पाहिलं: तीस दिवसांनी कार्ट्रिजवाल्या 17 पैकी 3 जिवंत, दुसऱ्या बाजूला 17 पैकी 13. छोटी चाचणी आहे, मान्य. पण फोटो टाकून पैसे गोळा करण्याआधी एवढं तरी वाचा.

लावणीचा_चिखल:
दोघेही फिल्टरवर भांडताय. लेप्टोत किडनी बसली तर साधं डायलिसिसच जीव वाचवतं, तेही लवकर आणि रोज. साओ पाउलोत लगेच सुरू करून रोज केलं तेव्हा मृत्यू 16.7 टक्के, उशिरा आणि दिवसाआड केलं तेव्हा 66.7. रुग्ण थोडे होते, पण फरक बघा. आणि लेप्टोत लघवी चालू राहून पोटॅशियम खाली असू शकतं. बाथ (डायलिसिसचं द्रावण) निवडण्याआधी रिपोर्ट बघा, डोळे मिटून पोटॅशियम 2 चा लावू नका.

प्राइमिंगवाला:
म्हणजे रक्त गाळून फायदा होतो तर! आभारी आहोत.

लावणीचा_चिखल:
युरिया गाळून होतो. शब्दांशी खेळू नका.

आंबोलीचं_धुकं:
ह्यां सगळां खरां, पण पेशंट तिथे पोचतलो कसो? महामार्गाचं रडगाणं गात नाही, सगळ्यांना पाठ आहे. गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल असो की कोल्हापूर, पेशंट निघतो ते एका सलाईनवर. बीपी 70, आणि ‘सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) नाही’ म्हणून नॉरऍड्रिनालिन (बीपी वाढवणारं औषध) सुरूच नाही. आधी यावर बोला.

खाडीकाठ:
हातातल्या शिरेतून ते चालू करून घाटातून नेणार? शिरेबाहेर गेलं तर कातडी काळी पडते.

आंबोलीचं_धुकं:
2021 चीच मार्गदर्शिका म्हणते, सेंट्रल लाइनसाठी थांबू नका. आकडे उचलताना हे पान सुटलं वाटतं? कोपराच्या खोबणीत किंवा त्याच्या वर, 18 किंवा 20 चा कॅन्युला. तळहाताच्या पाठीवर नको. बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला. त्याच हाताला लावला तर फुगताना औषध अडतं आणि सुटताना एकदम आत जातं. नॉरऍड्रिनालिन 4 मिग्रॅ बेस (क्षार सोडून नुसतं औषध) 50 मिलि डेक्स्ट्रोजमध्ये म्हणजे मिलित 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅमने सुरू करायचं तर तासाला 4.5 मिलि. अँप्युलवर बेस लिहिलंय की बायटार्ट्रेट ते वाचा: 2 मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे 1 मिग्रॅ बेस. इथे चुकलात तर डोस निम्मा.

प्राइमिंगवाला:
आणि सिरिंज पंपाची बॅटरी घाटात संपली की?

आंबोलीचं_धुकं:
मग थेंब मोजायचे. निघण्याआधी चार्जिंग बघायचं काम फिल्टर विकणाऱ्याचं नाही.

खाडीकाठ:
औषध शिरेबाहेर गेलं तर? फेंटोलामिन (त्यावरचा उतारा) तालुक्याला मिळतं का?

आंबोलीचं_धुकं:
बहुतेक नाही. ड्रिप बंद, कॅन्युला न काढता आतलं ओढून घ्या, हात वर ठेवा, औषध दुसऱ्या शिरेतून सुरू. फेंटोलामिन नसेल तर टर्ब्युटालिन 1 मिग्रॅ 10 मिलि सलाईनमध्ये, बारीक सुईने भोवती. कातडी वाचेल की नाही हा पुढचा प्रश्न. बीपी 70 वर तीन तास काढले तर किडनी जाऊ शकते.

खाडीकाठ:
बरं, शिरेचं पटलं. पण पहिल्या तासात अँटिबायोटिक, आणि ताप-अंगदुखी-शेतीकाम असं तिन्ही दिसलं की सोबत डॉक्सिसायक्लिन, हे चिठ्ठीवर वेळेसकट लिहून पाठवा. पुढच्या हॉस्पिटलला ‘इंज. दिले’ एवढंच वाचायला मिळतं.

प्राइमिंगवाला:
चिठ्ठीवर सगळेच खूश झाले! शेवटी माझं एवढंच: कार्ट्रिज लावायचंच तर शॉकच्या पहिल्या दिवशी, सोर्स (संसर्गाचं मूळ) काढून झाल्यावर. चौथ्या दिवशी नातेवाइकांच्या समाधानासाठी नको.

खाडीकाठ:
हे आधी म्हणाला असतात तर अर्धा धागा वाचला असता. पहिल्या दिवशीही मी लावणार नाही, ते सोडा.

लावणीचा_चिखल:
ती मूळ पोस्ट काढायला कोणी सांगितलं का? आत्ताच तिसऱ्या ग्रुपवर आली.