ॲट्रोपिन कधी थांबवायचे?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यात आंतरवासिता करीत आहे. उसातील हुमणीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी करताना पाठीवरचा पंप गळून ज्यांचा सदरा भिजला होता, असे एक शेतकरी काल सायंकाळी आमच्याकडे आले. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि छातीत घरघर होती. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने बाहुल्या मोठ्या झाल्या तेव्हा मी ते थांबवणार होतो. वरिष्ठांनी थांबवू दिले नाही. असे का?

उत्तर (फिजिशियन, कोल्हापूर) : कारण या विषबाधेत रुग्ण दगावतो तो श्वासामुळे, बाहुल्यांमुळे नव्हे. क्लोरपायरीफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकामुळे ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी होते, ते ज्याचे विघटन करते ते ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन साचत जाते आणि श्वासनलिका स्रावाने भरतात. म्हणून १ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जावे, ते छाती स्वच्छ ऐकू येईपर्यंत, आणि नाडी व वरचा रक्तदाब दोन्ही ८० च्या वर जाईपर्यंत. नाडी आधीच जलद आहे म्हणून ॲट्रोपिन रोखून धरू नये; ऑक्सिजन कमी पडल्यानेही ती वाढते. मात्र ताप, असंबद्ध बडबड, तुंबलेली लघवी आणि आतड्यांचा आवाज बंद, म्हणजे धोतऱ्याचे बी खाल्लेल्या माणसासारखे चित्र दिसू लागले, तर मात्रा जास्त झाली असे समजावे.

उत्तर (परिचारिका, करवीर) : तो सदरा काढला का? नातेवाईक अनेकदा तो पिशवीत गुंडाळून खाटेखालीच ठेवतात. हातमोजे घालून सर्व कपडे काढावेत आणि केसांसह अंग साबणाने धुवावे. कीटकनाशक प्यालेल्या माणसाला मीठपाणी पाजून ओकारी काढण्याची गावाकडची रीत तर फार घातक आहे, कारण त्यातील द्रावक फुप्फुसात जातो.

प्रश्नकर्ता : कपडे काढले, अंगही धुतले. आज छाती स्वच्छ आहे, परंतु उशीवरून डोके उचलायला सांगितले तर त्यांना ते जेमतेम दोन सेकंद उचलता येते.

उत्तर (फिजिशियन) : हे महत्त्वाचे आहे. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत मानेचे आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. त्यावर ॲट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटरच लागतो. श्वास थकण्याची वाट न पाहता १०८ बोलावून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात हलवा, निघण्यापूर्वी तिथे फोन करा, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताळू शकणारी व्यक्ती सोबत द्या.